दिल्लीने आता पुरे म्हणावे

२०२५च्या सप्टेंबरअखेर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा सुरू झाली. तिच्यासाठी तिथे नवाकोरा ट्रॅक अंथरला होता. ५ ऑक्टोबरला स्पर्धा संपली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बातमी आली की हे स्टेडियमच पाडायचे आणि त्याच्या १०२ एकरांवर ‘स्पोर्ट्स सिटी’ उभारायची. हे स्टेडियम बांधले १९८२च्या आशियाई खेळांसाठी. २०१०च्या राष्ट्रकुल खेळांसाठी त्यावर साडेनऊशे कोटींहून जास्त खर्च करून ते जवळजवळ नव्याने उभे केले. म्हणजे एकाच जागी दोनदा बांधकाम झाले, वर ट्रॅक घातला, आणि आता सगळे खाली आणून तिसऱ्यांदा बांधायचे. बातमी वाचली तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. दिल्लीला या स्पर्धा आणखी किती वर्षे भरवायच्या आहेत, आणि कोणासाठी?

माझे मत सांगून टाकतो. राजधानीने मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे यजमानपद मागणे आता थांबवावे. जो खेळ जिथे रोज खेळला जातो, त्या खेळाची स्पर्धा तिथे न्यावी. ग्वाल्हेरात बसून दिल्लीला शहाणपण शिकवायला हा कोण, असे कोणी विचारेल. पण दिल्ली आपल्यापासून सव्वातीनशे किलोमीटरवर आहे. आपली पोरे ट्रायलला तिकडेच जातात, आपल्या भागातले मजूर तिकडेच विटा उचलतात, आणि तिथे खर्च होणारा पैसा केंद्राचा, म्हणजे आपलाही असतो. तेव्हा बोलण्याचा हक्क आहे.

सुरुवातीला दिल्लीनेच भरवणे रास्त होते, हे मान्य केले पाहिजे. १९५१च्या मार्चमध्ये पहिले आशियाई खेळ दिल्लीत झाले. स्वातंत्र्याला चार वर्षेही झाली नव्हती, फाळणीचे निर्वासित अजून शहरात होते. ११ देश आले. स्पर्धा नॅशनल स्टेडियममध्ये झाली, आणि ते इंग्रजांच्या काळात, १९३३ साली, बांधलेले होते. सचिन नाग यांनी पोहण्यात देशाला या खेळांतले पहिले सुवर्ण मिळवून दिले. नव्या देशाने आशियाला आपल्या अंगणात बोलावले होते, आणि त्यासाठी राजधानीच हवी होती. त्या खेळांबद्दल मनात आदरच आहे.

१९८२ला चित्र बदलले. उड्डाणपूल, रंगीत दूरदर्शन, नवे स्टेडियम, इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियम, सिरी फोर्टचे क्रीडाग्राम. आमच्या पिढीला त्याचे कौतुक होते. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, खेळ सुरू व्हायच्या दोन महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला, आणि तो कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. आशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांना किमान वेतन मिळत नव्हते, मधला मुकादम त्यातून आपला वाटा कापून घेत होता. न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे वेठबिगारी, आणि राज्यघटनेच्या कलम २३ने ती निषिद्ध आहे. देशाची शान दाखवणाऱ्या कामावर देशाच्याच न्यायालयाला हे सांगावे लागले.

हे मजूर आपल्याला अनोळखी नाहीत. ग्वाल्हेर स्टेशनावर रात्री झाशीकडून येणाऱ्या गाडीचा जनरल डबा बघा. बुंदेलखंडातली कुटुंबेच्या कुटुंबे त्यात असतात. प्लास्टिकच्या पोत्यात बांधलेली भांडी, वर दोरीने आवळलेले अंथरूण, दाराशी पाय दुमडून बसलेली बाई आणि तिच्या मांडीवर झोपलेले पोर. बहुतेकांना उतरायचे असते निजामुद्दीनला किंवा त्याच्या पुढे. २०१०लाही दिल्लीतल्या कामांवरच्या मजुरांच्या हालांची चौकशी करायला उच्च न्यायालयाला समिती नेमावी लागली. अठ्ठावीस वर्षे गेली, खेळ बदलले, मजुराची गत तीच राहिली.

२०१०बद्दल भ्रष्टाचाराचेच बोलले जाते. त्यात चूक नाही. महालेखापरीक्षकांचा अहवाल आहे, खटले झाले, आयोजन समितीच्या अध्यक्षांना अटक झाली. पण मला वाटते भ्रष्टाचाराच्या चर्चेत मूळ प्रश्न झाकला गेला. समजा एक पैसाही कोणी खाल्ला नसता, तरी ते खेळ दिल्लीला परवडणारे होते का? यमुनेच्या पूरपात्रालगत, अक्षरधामशेजारी, क्रीडाग्राम उभे राहिले आणि नंतर त्यातले फ्लॅट विकले गेले. रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून झोपडपट्ट्यांपुढे मोठमोठे फलक उभे केले. पाहुणे येणार म्हणून घरच्या माणसांना माळ्यावर बसवावे तसे. अनुसूचित जातींच्या उपयोजनेतले शेकडो कोटी रुपये या खेळांकडे वळवले गेले, आणि ते चुकीचे झाले हे तेव्हाच्या केंद्रीय गृहमंत्र्यांनी संसदेत मान्य केले. उद्घाटनाला दोन आठवडेही उरले नसताना मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला आणि त्यात वीसहून जास्त कामगार जखमी झाले. खेळाडूंनी मात्र १०१ पदके मिळवली, त्यांच्या घामात काही खोट नव्हती. म्हणून तर अधिक राग येतो.

खेळांमुळे दिल्लीला मेट्रो मिळाली, विमानतळ मिळाला, असे समर्थन नेहमी होते. विमानतळाचे टर्मिनल ३ २०१०च्या जुलैत सुरू झाले हे खरे. पण ज्या विमानतळ मेट्रोचे नाव त्या काळात खेळांशी जोडून घेतले जाई, ती सुरू झाली २०११च्या फेब्रुवारीत. खेळ तोवर संपून चार महिने झाले होते. आणि मेट्रो काही खेळांची देणगी नव्हे. एवढ्या मोठ्या शहराला ती लागणारच होती. शहराला पाणी, रस्ता, गाडी द्यायची असेल तर त्यासाठी ७१ संघांना निमंत्रण कशाला पाठवायचे? पंधरा दिवसांच्या मुदतीला बांधलेले काम घाईचे होते, महाग होते, आणि मुदत संपली की त्याची निगा कोणाच्या डोक्यात राहत नाही.

त्यागराज स्टेडियमचे बघा. हेही २०१०साठी बांधलेले. २०२२च्या मे महिन्यात वर्तमानपत्रात बातमी छापून आली की तिथे सराव करणाऱ्या खेळाडूंना आणि प्रशिक्षकांना संध्याकाळी सातपर्यंत मैदान सोडायला सांगतात, आणि अर्ध्या तासाने एक बडे अधिकारी आपले कुत्रे ट्रॅकवर फिरवायला आणतात. त्या अधिकाऱ्यांनी खेळाडूंना आपण बाहेर काढत नाही असे सांगितले, पण त्यांची बदली त्याच दिवशी झाली, आणि सरकारी स्टेडियम रात्री दहापर्यंत खुली ठेवण्याचा आदेश दिल्ली सरकारने काढला. दिल्लीच्या उन्हाळ्यात पोरांनी सराव करायचा तो संध्याकाळनंतरच, एवढी साधी गोष्ट कळायला ही बातमी यावी लागली. नेहरू स्टेडियममध्ये २०२४च्या ऑक्टोबरात एका गायकाचा कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी सरावाला आलेल्या धावपटूला ट्रॅकवर बाटल्या, सडके अन्न आणि मोडलेले हर्डल्स सापडले. ज्याने जन्मात एकदा तरी अडथळ्यांची शर्यत पळून पाहिली आहे, त्याला मोडलेला हर्डल बघून काय वाटते ते सांगायला नको. हे सगळे वाचले की वाटते, दिल्लीकडे स्टेडियम आहेत, पण ती दिल्लीच्या पोरांची नाहीत. ती पाहुण्यांची आहेत, आणि पाहुणे नसतात तेव्हा ती ज्याच्या हातात किल्ली त्याची.

हवेचे तर विचारूच नका. २०१७च्या डिसेंबरात कोटलावर श्रीलंकेचे खेळाडू तोंडाला मास्क बांधून क्षेत्ररक्षण करत होते, खेळ थांबवावा लागला, त्यांचा गोलंदाज लकमल याला उलट्या झाल्या. तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी श्रीलंकेची टिंगल केली. २०२३च्या विश्वचषकात बांगलादेश आणि श्रीलंका या दोघांनीही दिल्लीतला सराव रद्द केला. जानेवारीतल्या इंडिया ओपन बॅडमिंटनमधून डेन्मार्कचा अँडर्स अँटोनसन हवेचे कारण सांगून माघार घेतो, दंड भरतो, पण येत नाही. २०२६च्या स्पर्धेत तर स्टेडियमच्या छतावरून पक्ष्यांची विष्ठा कोर्टवर पडली म्हणून सामना थांबला. पॅरा स्पर्धेच्या वेळी दोन परदेशी प्रशिक्षकांना स्टेडियमच्या आवारात भटकी कुत्री चावली. यावर काही जण म्हणतात की ही परदेशी माणसे नाजूक. मला ते पटत नाही. परदेशी खेळाडू चार दिवस येतो आणि दंड भरून सुटतो. दिल्लीचा पंधरा वर्षांचा मुलगा त्याच हवेत रोज पाच किलोमीटर पळतो. ज्या शहरात हिवाळ्यात शाळा बंद ठेवाव्या लागतात, तिथे त्याच महिन्यांत जगातल्या धावपटूंना, बॅडमिंटनपटूंना बोलावणे हा त्या मुलाचाही अपमान आहे.

आता आपल्या शहराकडे येतो, कारण माझे खरे म्हणणे इथेच आहे.

दिल्लीवरचा भार कमी व्हावा म्हणून राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या आराखड्यात काही दूरची शहरे ‘काउंटर मॅग्नेट’ म्हणून निवडली होती. हिसार, बरेली, कोटा, पतियाळा आणि आपले ग्वाल्हेर. आराखडा १९८९ साली लागू झाला. लोक, उद्योग, संस्था यांना दिल्लीऐवजी या शहरांनी ओढून घ्यावे, अशी कल्पना होती. त्यासाठी आपल्याकडे ‘साडा’ म्हणजे विशेष क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, तिघरा धरणाच्या बाजूला जमीन घेतली, रस्ते आखले. तिकडून एक फेरी मारून या म्हणजे कळेल काय झाले ते. दिल्लीचा भार ग्वाल्हेरवर वळवायचा, हे सरकारने कागदावर लिहून ठेवले आहे. आणि दुसरीकडे तेच सरकार जगातली प्रत्येक स्पर्धा दिल्लीत नेऊन तो भार वाढवत आले आहे.

ग्वाल्हेरला खेळ कोणी शिकवावा असे शहर हे नाही. हॉकीपटू कॅप्टन रूपसिंह इथेच राहिले, इथल्या शिंदे सरकारच्या फौजेत नोकरी केली, १९७७ साली इथेच गेले. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर भारताने २४ गोल केले, त्यातले दहा रूपसिंहांचे. थोरल्या भावाचे, ध्यानचंदांचे, नाव अधिक झाले, पण जाणकार दोघांना एकाच पंगतीत बसवतात. शिवेंद्रसिंह हाही ग्वाल्हेरचाच, लंडन ऑलिंपिकला खेळलेला. १८५७च्या शंभराव्या वर्षी, १९५७ साली, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने देशातले शारीरिक शिक्षणाचे मोठे महाविद्यालय इथे निघाले. आज ते राष्ट्रीय संस्था आहे. शहराच्या कंपू भागात राज्याची महिला हॉकी अकादमी आहे. तिथे शिकलेल्या मुली भारताच्या जर्सीत खेळल्या.

कंपूला पहाटे गेलात तर टर्फवर पाण्याचे फवारे चाललेले दिसतात. बघणाऱ्याला गंमत वाटते, पण ही निळी चटई कोरडी असली की चेंडू उसळतो, पाय अडकतो, आणि मुलगी पडली तर गुडघ्याची सालटी निघतात. म्हणून खेळाआधी तिला हजारो लिटर पाणी पाजावे लागते. आणि शहर असे, की तिघरा आटले तर घरांत नळ एक दिवसाआड येतो. टर्फ आठ-दहा वर्षांत झिजते, मग ते नवे घालायचे तर पुन्हा कोट्यवधी. १९७६च्या माँट्रियलपासून ऑलिंपिकची हॉकी गवतावरून या चटईवर गेली, भारत त्या वर्षी सातवा आला, आणि तेव्हापासून जिथे टर्फ तिथेच हॉकी अशी गत झाली. गल्लीतला, मातीवर वाढलेला पोरगा या एका खर्चापायी मागे पडला. दिल्लीत एका स्टेडियमच्या एका नूतनीकरणाला जे लागले, त्यातून अशी किती मैदाने किती वर्षे ओली ठेवता आली असती, याचा हिशेब क्रीडा मंत्रालयाने कधी तरी मांडावा.

पॅरा खेळांचे तर अधिकच बोचते. दिव्यांग खेळाडूंसाठी देशातले मोठे प्रशिक्षण केंद्र, अटलजींच्या नावाचे, २०२३पासून ग्वाल्हेरात आहे. प्राची यादव ही ग्वाल्हेरची मुलगी पॅरा कॅनोइंगमध्ये पॅरालिंपिकला गेली, आशियाई पॅरा खेळांत सुवर्ण जिंकली. नाव वल्हवायचा सराव मात्र तिला भोपाळच्या छोट्या तलावावर करावा लागला. २०२५ला शंभराहून जास्त देशांचे पॅरा खेळाडू देशात आले. भारताने २२ पदके मिळवली, हे या स्पर्धेतले आपले आजवरचे सर्वांत मोठे यश. मुख्य स्पर्धा दिल्लीत ठेवली तर ठेवली, पण त्यातल्या एखाद्या संघाचा सराव तरी इथल्या केंद्रात ठेवता आला असता. इथल्या पोरांनी जगातला उत्तम भालाफेकपटू आपल्याच मैदानावर बसल्या जागेवरून भाला फेकताना पाहिला असता. त्या निमित्ताने स्टेशनावरचे रॅम्प, लिफ्ट आणि महाराज बाड्याकडचे फुटपाथ दुरुस्त झाले असते, आणि ते स्पर्धा संपल्यावरही इथल्या व्हीलचेअरवरच्या माणसाच्या कामी आले असते.

हे जमते का? जमते. ओडिशाने ते करून दाखवले. २०२३चा पुरुषांचा हॉकी विश्वचषक भुवनेश्वरबरोबर राउरकेलालाही नेला. राउरकेला हे पोलादाचे शहर, सुंदरगढ जिल्ह्यातले, आणि सुंदरगढ म्हणजे हॉकीचे माहेर. दिलीप तिर्की तिथला, अमित रोहिदास तिथला. आदिवासी गावांत बांबूच्या काठीने हॉकी खेळत मोठी झालेली ही मंडळी. तिथे बिरसा मुंडा स्टेडियम बांधले, वीस हजार लोकांचे, आणि ते भरले. कारण त्या खेळाचे वेड त्या मातीतच आहे. स्पर्धा गेल्यावर तिथे काय करायचे, हा प्रश्न कोणाला पडला नाही.

याच्या उलट बाजूलाही एक ठसठशीत उदाहरण आहे, आणि ते मला टाळायचे नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६चे राष्ट्रकुल खेळ मेलबर्नऐवजी लहान शहरांत वाटायचे ठरवले होते: जिलाँग, बॅलरॅट, बेंडिगो, गिप्सलँड. खर्चाचा अंदाज २.६ अब्ज डॉलरवरून सहा-सात अब्जांवर गेला आणि २०२३च्या जुलैत त्यांनी यजमानपदच सोडून दिले. म्हणजे वाटून घेतले की स्वस्त पडते, असे काही नाही. पण तिथे चुकले काय? लहान शहरांत जे नव्हते ते सगळे नव्याने उभारायला निघाले. चार-चार क्रीडाग्रामे, तात्पुरती मैदाने. नंतर तेच खेळ ग्लासगोने घेतले, ते दहाच खेळांपुरते आणि आधीच असलेल्या चार ठिकाणांवर. मला त्यातून एवढेच दिसते की अख्खी जत्रा भरवायचा प्रकारच आता शहरांना झेपत नाही, राजधानी असो की तालुका. एक खेळ, एक स्पर्धा, आणि तिच्यासाठी तयार असलेले मैदान, ही जोडी जुळली तरच पुढे जावे.

त्यामुळे २०३०चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला मिळाले म्हणून मला समाधान वाटत नाही. दिल्लीचे ओझे उचलून दुसऱ्या एका शहराच्या डोक्यावर ठेवले, एवढेच झाले. एक लाख बत्तीस हजार आसनांचे क्रिकेट स्टेडियम असलेल्या शहराला आणखी स्टेडियमची तहान का लागावी? पुढे ऑलिंपिकही तिथेच मागायचे आहे. शहर बदलले, रीत बदलली नाही.

आणि आपणही त्या रीतीला बळी पडतो, हे ग्वाल्हेरकरांनी स्वतःशी कबूल करायला हवे. रूपसिंह स्टेडियम मुळात हॉकीचे मैदान. तिथे २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिनने एकदिवसीय क्रिकेटमधले पुरुषांचे पहिले द्विशतक केले, आणि त्या दिवसाचा अभिमान इथल्या प्रत्येक मराठी घरात आहे, माझ्याही. पण त्यानंतर साडेचौदा वर्षे शहरात पुरुषांचा आंतरराष्ट्रीय सामना झाला नाही, आणि झाला तो शंकरपूरच्या नव्या स्टेडियमवर, २०२४च्या ऑक्टोबरात, बांगलादेशविरुद्ध. क्रिकेट शहराबाहेर नव्या घरी गेले. मग हॉकीच्या खेळाडूचे नाव असलेले जुने मैदान हॉकीला परत का मिळू नये, हे कोणी विचारले नाही. आमच्या लश्कर भागातल्या मंडळींत शंकरपूरचा पुढचा सामना कधी, ही चर्चा तासन् तास चालते. कंपूच्या टर्फला पाणी पुरते का, यावर कोणी बोलत नाही.

दिल्लीच्या हातात २०२६च्या ऑगस्टची जागतिक बॅडमिंटन स्पर्धा आहे. ती घेतली आहे तर तिने ती नीट पार पाडावी. ऑगस्टात निदान हवा बरी असते. त्यानंतर मात्र नवी मागणी करू नये. नेहरू स्टेडियम पाडायचेच असेल तर त्या १०२ एकरांवर परदेशी संघांसाठी शहर बांधण्यापेक्षा दिल्लीतल्या शाळांसाठी रोज पहाटेपासून खुली राहणारी साधी मैदाने करावीत, आणि किल्ली एखाद्या अधिकाऱ्याच्या खिशात न ठेवता प्रशिक्षकाकडे द्यावी. आणि ग्वाल्हेरने काय मागावे? राष्ट्रकुलचा तुकडा मागू नये. महिला हॉकीची एखादी कनिष्ठ गटाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा मागावी, पॅरा खेळांची शिबिरे मागावीत, टर्फच्या पाण्यासाठी सांडपाणी शुद्ध करून वापरायचा प्रकल्प मागावा, तिघऱ्याला हात न लावता. या मागण्या लेखी करून महापालिकेत आणि खासदारांकडे द्यायला हव्यात, आणि त्यावर सही करणारे पहिले लोक या शहरातल्या व्यायामशाळांचे आणि शाळांचे क्रीडाशिक्षक असावेत.